किल्ली देण्याआधी: इंदूरात भाडेकरू कसा पारखावा

अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे बाराव्या महिन्यात भाडेकरूला जावेच लागते, असे इंदूरातले बहुतेक घरमालक धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. शहराला मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 लागू आहे. त्याच्या कलम 12 मध्ये भाडेकरूला काढण्याची कारणे मोजून दिली आहेत: भाडे थकवले, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, घराचे मोठे नुकसान केले, मालकाला स्वतःला राहायला खरोखर जागा हवी आहे, वगैरे. यांपैकी एखादे कारण असल्याशिवाय घर रिकामे करून घेण्याचा दावा दिवाणी न्यायालयात लावताच येत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. आणि ‘मुदत संपली’ हे कारण त्या यादीत नाही.

थकबाकीचे कारण तरी सोपे असेल असे वाटते, पण तिथेही आधी मागणीची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून दोन महिने थांबावे लागते. त्या काळात भाडेकरूने पैसे भरले तर विषय मिटला. नाही भरले आणि दावा लागला, तरी न्यायालयात थकबाकी व पुढचे भाडे ठरल्याप्रमाणे जमा करत राहिलेल्या भाडेकरूला या कारणावरून पहिल्या वेळी काढता येत नाही. आता हिशेब करा. भाडे 12,000 रुपये, ठेव दोन महिन्यांची, म्हणजे 24,000. एक महिना वाट पाहण्यात गेला आणि दोन महिने नोटिशीत गेले. दावा दाखल होण्याआधीच 36,000 अडकले आणि ठेव केव्हाच संपली. म्हणून ‘ठेव घेतली आहे, आता काळजी नाही’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

निवृत्त सरकारी कर्मचारी, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती अशा काही मालकांना स्वतःच्या गरजेसाठी घर हवे असेल, तर याच कायद्यातल्या कलम 23-अ नुसार भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो. हा मार्ग त्यातल्या त्यात जवळचा. बाकीच्यांनी सगळी मेहनत किल्ली हातात असतानाच करायची. ती एकदा दिली की मालकाच्या हातात फार थोडे उरते. वीज किंवा नळ तोडून दबाव आणणे तर कायद्यानेच मना आहे.

आपल्या मराठी घरमालकांची एक खास अडचण आहे. राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की लोकमान्यनगर, वरचा मजला द्यायचा ठरला की पहिला प्रश्न असतो, ‘ओळखीचे कोणी आहे का?’ आडनाव जुळले, दूरची सोयरीक निघाली, गणपतीत कुठेतरी भेट झालेली आठवली की चौकशी तिथेच थांबते. भाषेचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे, पण आडनावावरून पगार कळत नाही. उलट ओळखीतल्या माणसाकडे भाडे मागायला जीभ रेटत नाही आणि थकबाकी दोन महिन्यांवरून सहावर जाते. ओळख असेल तर चौकशीची सुरुवात तिथून करा, एवढाच तिचा उपयोग. पुढचे टप्पे भाच्याच्या मित्रालाही तेच आणि दलालाने आणलेल्या अनोळखी माणसालाही तेच. दलालाचे काम करार होताच संपते, हेही लक्षात असू द्या. ‘पार्टी एकदम चांगली आहे’ हे त्याचे वाक्य म्हणजे तपासणी नव्हे.

तपासायच्या गोष्टी तीन. माणूस सांगतो तोच आहे का, भाडे दर महिन्याला देऊ शकेल का, आणि मागच्या घरी कसा वागला. पोलीस पडताळणी या तिन्हींपैकी कशाचेच पूर्ण उत्तर देत नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

फोनवरच अर्धे काम

घर दाखवण्याआधी फोनवर पाच-सहा प्रश्न विचारले की बऱ्याच चकरा वाचतात. कोण कोण राहणार, कधीपासून हवे, सध्या कुठे राहता आणि ते घर का सोडताय, नोकरी-धंदा कुठे, गाड्या किती. मग आपल्या अटी सांगायच्या: भाडे, ठेव, देखभाल खर्च, नर्मदेच्या पाण्याची वेळ, बोरिंग आहे की नाही, आणि ‘कागदपत्रे व पोलीस पडताळणी झाल्यावरच किल्ली मिळेल’. हे शेवटचे वाक्य ऐकून काही जण पुन्हा फोन करत नाहीत. बरेच आहे.

‘घर का सोडताय’ हा प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर नीट ऐकावे. सुपर कॉरिडॉरला नोकरी लागली, राजवाड्याजवळून येणे-जाणे जमत नाही, हे पटण्यासारखे कारण. ‘मालक फार कटकट करतो’ हेही खरे असू शकते, पण मग त्या मालकाशी बोलणे आणखी गरजेचे होते. आणि ‘उद्याच राहायला यायचे आहे, सहा महिन्यांचे भाडे रोख देतो, करार नंतर करू’ असे कोणी म्हणाले तर आनंद मानू नका. घाई, रोख रक्कम आणि कागदाची टाळाटाळ ही तिन्ही एकत्र आली की सावध व्हावे. बनावट कॉल सेंटर किंवा ऑनलाइन सट्टा चालवणाऱ्यांना अशीच घरे लागतात, आणि छापा पडला की पोलीस आधी मालकालाच करारनामा मागतात.

एक फसवणूक थेट मालकांचीच होते. ऑनलाइन जाहिरात पाहून फोन येतो: ‘मी सैन्यात आहे, महूला बदली झाली आहे, घर न पाहताच पसंत आहे.’ ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला फोटोही येतो. मग ठेव पाठवण्यासाठी ‘आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे’ आधी एक रुपया पाठवा किंवा हा क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगतात. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो ना यूपीआयचा पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. महूची छावणी शेजारीच असल्यामुळे इंदूरात ही थाप सहज पटते. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

ओळख पटवणे

आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन फाइलला लावणे म्हणजे ओळख पटवणे नव्हे. झेरॉक्सवर नाव आणि फोटो बदलणे मुळीच अवघड नाही. आधारवर जो क्यूआर कोड असतो तो आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो डिजिटल स्वाक्षरीसह असतात. कार्डावर छापलेले आणि कोडमधून निघालेले जुळले पाहिजे, आणि कोडमधला फोटो समोर बसलेल्या माणसाचा असला पाहिजे. पूर्ण आधार क्रमांक आपल्याला लागत नाही. शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार भाडेकरूने दिले तर ते घ्यावे. सोबत पॅन कार्ड पाहावे आणि दोन्हींवरचे नाव ताडून घ्यावे. प्रतींवर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असे लिहून तारीख टाकावी. ती भाडेकरूची सोय आहे आणि आपलीही, कारण त्या प्रतीवर उद्या कोणी सिमकार्ड काढले तर बोट आपल्याकडे वळायला नको.

आधारवरचा पत्ता जुना किंवा गावचा असेल तर बिचकायचे कारण नाही. उलट खांडवा, बुऱ्हाणपूर किंवा जळगावचा कायमचा पत्ता हातात असणे चांगलेच. उद्या भाडेकरू न सांगता निघून गेला तर नोटीस तिथेच पाठवावी लागेल.

परदेशी नागरिकाला घर दिले, मग तो आयआयटी किंवा आयआयएमचा विद्यार्थी का असेना, तर तो आल्यापासून 24 तासांच्या आत त्याच्या राहण्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून कळवणे (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) मालकाचे काम आहे. ती जबाबदारी भाडेकरूवर ढकलता येत नाही.

भाडे झेपेल का

सर्वसाधारण अंदाज असा की भाडे आणि देखभाल खर्च मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असावे. 15,000 भाडे असेल तर हातात निदान 45,000 हवेत. पण हा हिशेब हप्त्यांशिवाय अर्धवट राहतो. 45,000 पगारातून गाडीचे आणि मोबाइलचे मिळून 18,000 हप्ते जात असतील तर उरतात 27,000. त्यातून 15,000 भाडे दिल्यावर घर चालवायला 12,000 राहतात, आणि मुलाच्या शाळेची फी आली की भाडे पुढे ढकलले जाणार. म्हणून विचारायचे ते ‘पगार किती’ एवढेच नव्हे, ‘हप्ते किती’ हेही.

नोकरदाराकडून तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि तेवढ्याच काळाचे बँक स्टेटमेंट पाहावे. पगारपावती कोणीही बनवू शकतो, पण तीवरची निव्वळ रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम रुपयापर्यंत जुळवणे कठीण. वर्षाला चार लाखांहून जास्त पगार असलेल्या माणसाच्या मध्य प्रदेशातल्या पावतीवर दरमहा 208 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो (वर्षाला 2,500, म्हणून एका महिन्यात 212). भविष्यनिर्वाह निधीची कपात आणि यूएएन, म्हणजे त्या निधीचा सदस्य क्रमांकही सहसा असतो. स्टेटमेंटमध्ये ‘ईसीएस रिटर्न’ किंवा ‘नॅच रिटर्न’ अशा नोंदी शोधा. त्यांचा अर्थ खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत गेला. एखादी नोंद चालते, दर महिन्याला असेल तर भाड्याचेही तेच होईल. भाडेकरूने स्टेटमेंट द्यायला नकार दिला आणि मोबाइलवर समोर उघडून दाखवले, तर तेवढे पुरेसे मानावे. आपल्याला खात्री हवी आहे, त्यांचा खर्च वाचायचा नाही.

नोकरीची खात्री करायला कंपनीला फोन करावा, पण भाडेकरूने दिलेल्या नंबरवर नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर घ्या. एवढा साधा नियम, पण नेमका हाच पाळला जात नाही, आणि ‘एचआर’ म्हणून मित्र फोन उचलतो. नुकतेच रुजू होणाऱ्याकडे पगारपावती नसते. त्याच्याकडून नियुक्तिपत्र घ्यावे आणि त्यातली रुजू होण्याची तारीख पाहावी.

सियागंज किंवा छावनीत दुकान असलेल्याला पगारपावती मागून काय मिळणार! त्याच्याकडून दोन वर्षांच्या प्राप्तिकर विवरणाच्या पोचपावत्या घ्याव्या आणि जीएसटी क्रमांक मागावा. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही शोधता येतो: धंद्याचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणे भरली आहेत की नाहीत. पाच मिनिटांचे काम आहे आणि फुकट आहे. जीएसटी नसलेल्या छोट्या दुकानदाराचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट पाहावे आणि एकदा दुकानावर चक्कर मारावी.

क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, मालकाला परस्पर काढता येत नाहीत. भाडेकरू मात्र कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मागवू शकतो आणि दाखवू शकतो. त्यात आकड्यापेक्षा थकलेल्या हप्त्यांचे रकाने पाहावेत. अहवालात कर्जाचा इतिहास असतो, भाड्याचा सहसा नसतो. त्यामुळे कधीच कर्ज न घेतलेल्या माणसाचा स्कोअर नसणे हा दोष नाही.

भंवरकुआँ आणि गीता भवन परिसरात विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्यांचे गणित वेगळे. तिथे भाडे देणारा असतो बाप, राहणारा मुलगा. मुलगा सतरा वर्षांचा असेल तर त्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही, कारण 18 वर्षांखालच्या व्यक्तीशी केलेला करार मुळात करारच ठरत नाही. तेव्हा करार पालकाशी करावा. मुलगा सज्ञान असला तरी पालकाला जामीनदार म्हणून करारात घ्यावे, त्यांचे पॅन व गावचा पत्ता घ्यावा आणि एकदा व्हिडिओ कॉलवर बोलावे. खोलीत किती जण राहणार ते आकड्यात लिहावे. दोघांसाठी दिलेल्या खोलीत परीक्षेच्या हंगामात चौघे झोपतात, आणि पाण्याची टाकी दुपारीच रिकामी होते.

जुन्या मालकाशी बोलताना

सगळ्या चौकशीत सर्वांत जास्त माहिती इथून मिळते आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. सध्याच्या मालकाबरोबरच त्याआधीच्या मालकालाही फोन करावा. कारण उघड आहे: सध्याच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू घालवायचा असेल तर तो तोंड भरून स्तुती करील. आधीच्याला आता काही देणेघेणे उरलेले नसते, तो खरे बोलतो.

पण फोनवर बोलणारा खरोखर मालक आहे का? त्याला उत्तर सुचेल असे प्रश्न टाळा. ‘ते तुमच्याकडे दोन वर्षे होते ना?’ असे विचारले की ‘हो’ येणारच. ‘कधीपासून कधीपर्यंत होते? भाडे किती होते? कितव्या मजल्यावर?’ असे विचारा आणि भाडेकरूने आधी सांगितलेल्या उत्तरांशी ताडून पाहा. भाडे बँकेतून जात असेल तर स्टेटमेंटमध्ये ज्याच्या नावे रक्कम गेली ते नाव आणि फोनवरच्या माणसाचे नाव एकच हवे. मग मुख्य प्रश्न: भाडे कोणत्या तारखेला यायचे, वीजबिल शेवटी पूर्ण भरले का, घर सोडताना किती दिवस आधी सांगितले, ठेवीतून काही कापावे लागले का, पुन्हा त्यांनाच घर द्याल का? शेवटच्या प्रश्नावर माणूस क्षणभर घुटमळला तर ते ऐकावे.

शंका आली तर न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ या संकेतस्थळावर इंदूर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येते. नावासोबत वर्ष द्यावे लागते. जुन्या मालकाशी चाललेला दावा असा सापडू शकतो. पण एकाच नावाची माणसे भरपूर असतात, त्यामुळे वडिलांचे नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय निष्कर्ष काढणे अन्यायाचे. शिवाय एखादा दावा असणे हा गुन्हा नव्हे. त्याबद्दल भाडेकरूलाच विचारावे.

कोण राहणार, कशासाठी

पोटभाडेकरू हे काढण्याचे कारण असले तरी ते सिद्ध करणे जिकिरीचे असते. म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव व वय करारात आधीच लिहावे. कंपनी कर्मचाऱ्यांसाठी फ्लॅट घेत असेल (पिथमपूरच्या कारखान्यांसाठी असे होते), तर कंपनीचे अधिकारपत्र घ्यावे आणि राहणारे बदलले की नवी यादी व नवी पडताळणी, ही अट घालावी. महिन्याचे भाडे 50,000 हून जास्त असेल तर धंद्याच्या हिशेबाचे ऑडिट न लागणाऱ्या साध्या भाडेकरूलाही भाड्यातून 2 टक्के प्राप्तिकर (टीडीएस) कापून भरावा लागतो. मालक परदेशात असेल तर ही मर्यादा नाहीच; भाडे कितीही असो, 30 टक्के आणि वर उपकर कापावा लागतो. मुले अमेरिकेत आणि घर त्यांच्या नावावर, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे भाडेकरूला आधी सांगितले नाही तर पहिल्याच महिन्यात भांडण होते.

‘फक्त राहायला’ म्हणून घेतलेल्या घरात टिफिन सेंटर, शिकवणी किंवा ऑनलाइन विक्रीचे गोदाम सुरू होते. जीएसटी नोंदणीसाठी भाडेकरू ना-हरकत पत्र मागतो, तेव्हा मालकाच्या हे लक्षात येते. पत्र द्यायचे की नाही ते आधीच ठरवा, कारण वापर व्यावसायिक झाला तर वीजदर आणि मालमत्ता कर दोन्ही बदलू शकतात.

विजेचे आणखी एक. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर 150 युनिटपर्यंत असेल तर पहिली 100 युनिटे 100 रुपयांत मिळतात. मालक आणि भाडेकरू एकाच मीटरवर असले की एकत्रित वापर ही मर्यादा ओलांडतो आणि सवलत दोघांचीही जाते. वेगळा मीटर नसेल तर उपमीटर लावून दर आधी लिहून ठेवा. भाडेकरूंशी होणारे निम्मे वाद वीजबिलाचे असतात, भाड्याचे नाही.

पोलीस पडताळणी

इंदूरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे. भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. या कलमाखालचा आदेश एका वेळी दोन महिन्यांपुरताच असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा निघतो. आदेश मोडणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा नोंदवला जातो, भाडेकरूवर नाही. अर्ज जवळच्या ठाण्यात किंवा मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरता येतो. फोटो, ओळखपत्र, कायमचा व आधीचा पत्ता, काम करण्याचे ठिकाण ही माहिती लागते. पोचपावती किंवा अर्ज क्रमांक जपून ठेवा. चौकशी आली तर तुम्ही काम केले याचा पुरावा तोच.

या पडताळणीतून गुन्हेगारी नोंद असेल तर कळते. भाडे वेळेवर येईल का, भिंतीला खिळे किती ठोकतील, हे पोलीस सांगणार नाहीत. तेव्हा ‘पोलीस व्हेरिफिकेशन झाले आहे’ एवढ्यावर बाकीच्या पायऱ्या सोडू नयेत.

होकार, नकार आणि किल्ली

दोन-तीन इच्छुक असतील तर सगळ्यांना सारखेच कागद मागावेत आणि जो आधी पूर्ण करील त्याला द्यावे. जात, धर्म, ताटात काय असते यावरून गाळणी लावली तर चांगले भाडेकरू हातचे जातात, आणि वेळेवर भाडे देण्याशी यातल्या कशाचा संबंधही नसतो. एकटी राहणारी नोकरदार मुलगी किंवा तीन अविवाहित इंजिनिअर यांच्याविषयी सोसायटीत कुजबुज होते. त्यांचेही जुने मालक आणि पगार तपासा, बस. नकार द्यायचा तर त्याच दिवशी कळवावा आणि घेतलेल्या प्रती परत कराव्या किंवा फाडून टाकाव्या.

टोकन घेतलेच तर पावती द्या आणि तीवर लिहा की कागदपत्रे पटली नाहीत तर रक्कम पूर्ण परत मिळेल. करार एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी सक्तीची आहे. म्हणूनच अकरा महिन्यांची पद्धत पडली. ई-स्टॅम्पवर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, प्रत्येक पानावर. वर्षाचे भाडे एक लाखाहून जास्त असेल तर घरभाडे भत्त्याची सूट घेणारा भाडेकरू तुमचा पॅन मागेल. तो द्यायची तयारी ठेवा, आणि भाडे स्वतःच्या विवरणात दाखवायचीही.

किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत घरभर फिरून व्हिडिओ काढावा: नळ, गीझर, पंखे, भिंतीवरची ओल, स्वयंपाकघराचा ओटा. मीटरच्या रीडिंगचा फोटो तारखेसह दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. ठेव आणि पहिल्या महिन्याचे भाडे खात्यात जमा झालेले बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहावे. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट किंवा एसएमएस धरू नये. रक्कम दिसली की मग किल्ल्या मोजून द्याव्या, आणि किती दिल्या ते करारावरच लिहावे.